काठावरचा उजेड
(वाशिम येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



स्मृतिव्याख्यानमालेत सहसा साहित्य, इतिहास किंवा समाजकारण यांवर बोलले जाते. यंदा संयोजकांनी एका विद्युत अभियंत्याला बोलावले आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. सार्वजनिक आणि व्यावसायिक जलतरण तलावांच्या काठावर अंधार पडल्यावर किती उजेड असावा, तो कसा असावा, त्याबद्दलचे नियम काय सांगतात आणि आपल्या जिल्ह्याने याबाबत काय करावे, हा आजचा विषय. ऐकायला तो लहान वाटेल. पण या उजेडावर कुणाच्या तरी मुलाचा जीव अवलंबून असतो, म्हणून मी तो मोठा मानतो.

वाशिमचे पाणी

वाशिमकरांना पाण्याच्या काठाचे महत्त्व बाहेरच्या माणसाने सांगावे असे नाही. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले हे वत्सगुल्म. येथे १०८ तीर्थे होती, असे परंपरा सांगते. गावाच्या उत्तर अंगाला पद्मतीर्थ आहे. रामनारायण तोष्णीवाल यांनी त्याला घडीव दगडांचे कुंड बांधून दिले. मधोमध महादेव आहे आणि बालाजीच्या पूजेसाठी येथले पाणी नेण्याची रीत आहे. या कुंडाचा आणखी एक उपयोग जुन्या नोंदींत सापडतो: गावची मुले येथे पोहायला शिकत. भोसल्यांच्या राजवटीत दिवाणपदापर्यंत पोहोचलेल्या भवानी काळूंनी अठराव्या शतकात बालाजीचे मंदिर उभारले आणि देव तलावही बांधला. देऊळ आणि पाणी यांची बांधणी एकाच हाताने, एकाच विचाराने झाली.

आपल्याकडच्या जुन्या कुंडांची आणि बारवांची रचना पाहिली की बांधणाऱ्यांनी पाय आणि डोळे या दोहोंचा विचार केलेला दिसतो. पायऱ्या पाण्यात उतरत जातात, त्यामुळे तोल गेलेल्या माणसाच्या पायाखाली काहीतरी येते. अनेक बारवांच्या भिंतींत दिव्यासाठी देवळ्या ठेवलेल्या आढळतात. देवळापुढे दीपमाळ असते. कार्तिकात पहाटेचे स्नान अंधारात होते, काकडआरती अंधारात होते, त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर पणत्या लागतात. पाण्याकाठी अंधारात जायचे तर दिवा बरोबर हवा, हे शहाणपण येथे पिढ्यान्‌पिढ्या आहे.

आजचा जलतरण तलाव वेगळा आहे. त्याच्या भिंती सरळ खाली जातात. एका टोकाला मुलाचे पाय टेकतात, दुसऱ्या टोकाला डोक्यावरून पाणी जाते आणि वरून पाहताना हा फरक कळत नाही. काठावर गुळगुळीत फरशी असते आणि ती कायम ओली असते. शिवाय हा तलाव मुख्यतः संध्याकाळी वापरला जातो. वऱ्हाडातल्या एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी कोण पोहणार? पहाटेची आणि संध्याकाळची वेळ हीच गर्दीची. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांत संधिप्रकाश विरतो. म्हणजे साडेसातनंतरची तुकडी पूर्णपणे दिव्यांच्या भरवशावर पाण्यात उतरते.

अशा तलावांची संख्या वाढत जाणार आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा आता समृद्धी महामार्गावर आहे. कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून तो जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. महामार्ग आला की हॉटेल येते, रिसॉर्ट येते, मंगल कार्यालयाला जोडून पोहण्याचा तलाव येतो. शाळा, क्रीडा संकुले आणि गृहसंकुले यांचीही तशीच इच्छा असते. ही इच्छा चांगली आहे. मुलांना पोहता आलेच पाहिजे. म्हणूनच तलाव बांधण्याआधी त्याच्या उजेडाचा विचार झाला पाहिजे.

बुडणारा माणूस हाक मारत नाही

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. त्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे आहे. भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयानेही डिसेंबर २०२३ मध्ये बुडण्याच्या घटना रोखण्यासाठी धोरणात्मक आराखडा जाहीर केला. आपल्याकडे बुडून होणारे बहुतेक मृत्यू नद्या, विहिरी, शेततळी आणि धरणे येथे होतात. जलतरण तलावाचा वाटा त्यात कमी आहे. पण नदीवर आपण नियम लादू शकत नाही. तलाव मात्र माणसाने नकाशा काढून, परवानगी घेऊन, तिकीट लावून बांधलेला असतो. तेथे झालेल्या मृत्यूला दैव जबाबदार धरता येत नाही.

बुडणे कसे दिसते, याबद्दल आपल्या मनात चुकीचे चित्र आहे. हातपाय झाडणारा, ‘वाचवा, वाचवा’ ओरडणारा माणूस आपण सिनेमात पाहिलेला असतो. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक म्हणून काम केलेल्या फ्रँक पिया यांनी १९७० च्या दशकात बुडणाऱ्या माणसांचे प्रत्यक्ष चित्रीकरण करून अभ्यास केला. त्यांना दिसले ते असे: बुडणारा माणूस ओरडू शकत नाही, कारण त्याचे तोंड श्वास घेण्यातच गुंतलेले असते. तो हात हलवून खूण करू शकत नाही, कारण हात नकळत पाणी खाली दाबत राहतात. तो पाण्यात उभा असल्यासारखा दिसतो. बुडून खाली जाण्यापूर्वी तो २० ते ६० सेकंद पृष्ठभागावर धडपडतो, आणि तीही आवाज न करता.

आजच्या व्याख्यानाचा पाया हाच आहे. तलावावर जीव वाचतो तो कानांनी नव्हे, डोळ्यांनी. जीवरक्षक कितीही कुशल असो, दोर, बांबू आणि तरंगती कडी कितीही जवळ असोत, त्याला दिसलेच नाही तर सगळे व्यर्थ आहे. तेव्हा प्रकाश हे सुरक्षेचे पहिले साधन आहे. त्याची गणना सजावटीत न करता जीवरक्षणाच्या सामानात केली पाहिजे, आणि त्या सामानासारखीच त्याची तपासणी झाली पाहिजे.

उजेड मोजायचा असतो

‘भरपूर उजेड आहे’ हे वाक्य मला फार वेळा ऐकू येते. पण भरपूर म्हणजे किती? प्रकाश मोजण्याचे एकक लक्स आहे. पौर्णिमेचे टिपूर चांदणे पाव लक्सच्या आसपास असते. भर दुपारचे ऊन एक लाख लक्सपर्यंत जाते. रस्त्यांच्या दिव्यांसाठी आयएस १९४४ हे भारतीय मानक आहे. त्यात कमी रहदारीच्या रस्त्यांसाठी ४ ते ८ लक्स आणि मोठ्या, गजबजलेल्या रस्त्यांसाठी ३० लक्स अशी पातळी सुचवलेली आहे. चांदण्यातून आलेल्या डोळ्याला रस्त्यावरच्या खांबाचा दिवाही लख्ख वाटतो. म्हणूनच या बाबतीत डोळ्याच्या अंदाजावर विसंबता येत नाही.

जलतरण तलावाचे आकडे कितीतरी वरचे आहेत. अमेरिकेत अनेक ठिकाणी स्वीकारलेली आंतरराष्ट्रीय जलतरण तलाव संहिता आणि तेथील रोगनियंत्रण केंद्राने २०१४ पासून प्रसिद्ध केलेली आदर्श जलक्रीडा आरोग्य संहिता या दोहोंत काठाच्या चालण्याच्या भागावर किमान १०८ लक्स मागितले आहेत. उघड्यावरच्या तलावात पाण्याच्या पृष्ठभागावरही तेवढेच. छताखालच्या तलावात पाण्यावर किमान ३२३ लक्स. हे आकडे असे विचित्र दिसतात, कारण मुळात ते फूट-कॅंडल या जुन्या एककात १० आणि ३० असे लिहिलेले आहेत. युरोपात सरावाच्या तलावासाठी साधारण २०० लक्स धरतात आणि स्पर्धेच्या दर्जानुसार ते वाढवतात. स्पर्धांच्या जागतिक नियमांत शर्यत सुरू करण्याच्या चौथऱ्यांवर आणि वळण्याच्या टोकांवर ६०० लक्स मागितले आहेत, ऑलिंपिकसाठी त्याहून कितीतरी जास्त.

आपल्या तालुक्याच्या गावाला ऑलिंपिकचे आकडे नकोत. मला लक्षात ठेवायचा वाटतो तो एकच आकडा: काठावर आणि पाण्यावर किमान १०० लक्स, छताखाली असेल तर ३००. कमी रहदारीच्या रस्त्यावरच्या उजेडापेक्षा हे १०० लक्स बारा ते पंचवीस पट जास्त आहेत. म्हणजेच नगरपरिषदेच्या गोदामातून रस्त्याचे दोन खांब आणून तलावाशी उभे करणे पुरेसे होणार नाही.

हा ‘किमान’ शब्द महत्त्वाचा आहे. दिव्याखाली दीडशे लक्स आणि दूरच्या कोपऱ्यात दहा लक्स असतील तर सरासरी छान निघते, पण मूल त्या कोपऱ्यातच घसरते. म्हणून काठाची दोन-दोन मीटरच्या चौकटीत विभागणी करून प्रत्येक ठिकाणी लक्स मीटर जमिनीलगत धरून वाचन घ्यावे लागते. पायऱ्यांच्या कडा, शिडीची जागा, खोली लिहिलेले आकडे, कपडे बदलण्याच्या खोलीकडून येणारी वाट, पाय धुण्याची जागा या ठिकाणी वाचन हमखास घ्यावे. खोलीचा आकडा रंगवला आहे, पण रात्री वाचता येत नाही, असे असेल तर तो आकडा नसल्यासारखाच आहे. शिवाय दिवे जुने होतात, त्यांच्या काचांवर धूळ आणि क्षार साचतात. पहिल्या दिवशीचे १०० लक्स काही वर्षांनी ७० वर येऊ शकतात. आराखडा करताना ही घट धरूनच दिवे निवडायचे असतात.

खर्चाचा हिशेब

‘एवढा उजेड परवडणार नाही’ असे कुणी म्हणेल. आपण हिशेबच करू. समजा तलाव २५ मीटर लांब आणि साडेबारा मीटर रुंद आहे, भोवती तीन मीटरचा काठ आहे. पाणी आणि काठ मिळून क्षेत्रफळ सुमारे ५७४ चौरस मीटर भरते. त्यावर सगळीकडे १०० लक्स हवेत; एक लक्स म्हणजे दर चौरस मीटरला एक ल्युमेन, म्हणजे सुमारे ५७,४०० ल्युमेन प्रकाश जागेवर पोहोचला पाहिजे. दिव्यातून निघालेल्या प्रकाशातला निम्मा इकडेतिकडे जातो असे धरू, आणि काळाने होणारी तीस टक्के घटही धरू. तर दिव्यांतून सुमारे एक लाख चौसष्ट हजार ल्युमेन निघायला हवेत. आजचे साधारण चांगले एलईडी फ्लडलाइट एका वॉटला ११० ल्युमेन देतात. एकूण भार झाला दीड किलोवॉट.

शेतातली पाच एचपीची मोटर पावणेचार किलोवॉटच्या आसपास वीज घेते. तलावाचा हा सगळा उजेड तिच्या निम्म्याहूनही कमी विजेवर होतो. संध्याकाळी तीन तास दिवे लावले तर साडेचार युनिट लागतात. तलावाचे पाणी गाळणारा पंप यापेक्षा कितीतरी जास्त खातो. हॅलोजन आणि मेटल हॅलाइडच्या काळात खर्चाचे कारण खरे होते. आज ते कारण उरलेले नाही.

चकाकी आणि उंच खुर्ची

उजेड पुरेसा असूनही माणूस दिसत नाही, असे घडू शकते. याचे कारण पाण्याचा पृष्ठभाग. सरळ वरून पाहिले तर शांत पाणी आपल्यावर पडलेला जेमतेम दोन टक्के प्रकाश परत फेकते. नजर जितकी तिरपी, तितका हा वाटा वाढत जातो. काठावर उभा असलेला जीवरक्षक साडेबारा मीटर अंतरावरच्या पलीकडच्या काठाकडे पाहतो तेव्हा त्याची नजर इतकी तिरपी असते की पृष्ठभाग जवळजवळ निम्मा प्रकाश परतवतो. त्याला पाण्याखालचे न दिसता समोरच्या दिव्यांचे प्रतिबिंब दिसते. तोच जीवरक्षक उंच खुर्चीवर बसला आणि त्याचे डोळे पाण्यापासून तीन मीटर वर आले, तर परतणारा वाटा चौथ्या हिश्शावर येतो.

यातून दोन गोष्टी ठरतात. पहिली, जीवरक्षकाची उंच खुर्ची मानासाठी नाही, ती भौतिकशास्त्राची गरज आहे. दुसरी, दिवे कुठे लावायचे हे त्या खुर्चीवर बसून ठरवले पाहिजे. खुर्चीच्या बरोबर समोर, पलीकडच्या बाजूला खालच्या उंचीवर तिरपा फ्लडलाइट लावला तर तो जीवरक्षकाला आंधळा करतो. दिवे उंच खांबांवर, खाली वळवलेले आणि शक्यतो खुर्चीच्या बाजूने किंवा लांबीच्या दोन्ही कडांनी असावेत. तलावाचा तळ पांढरा किंवा फिकट निळा असावा, म्हणजे त्यावर पडलेले शरीर उठून दिसते. शोभेसाठी गडद निळ्या किंवा काळ्या टाइल्स लावण्याची हौस सार्वजनिक तलावावर करू नये.

पाण्याखालचे दिवे येथे मोठी मदत करतात, कारण त्यांचा प्रकाश पृष्ठभागावर आपटून परत न जाता आतून तळ उजळतो. पण पाणीच गढूळ असेल तर कोणताही दिवा उपयोगाचा नाही. म्हणून जगभर एक सोपी कसोटी वापरतात: काठावर उभे राहून सर्वांत खोल जागेतली तळाची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. रात्री दिव्यांच्या उजेडातही ती दिसली पाहिजे. दिसत नसेल तर तलाव बंद.

आपल्या हवामानाची एक बाब सांगतो. पहिला पाऊस पडला की दिव्यांभोवती पाकोळ्यांचे आणि किड्यांचे थवे जमतात, काठावर पडतात, त्यांवर बेडूक येतात आणि काठ निसरडा होतो. निळसर पांढऱ्या प्रकाशाकडे किडे जास्त ओढले जातात. तीन हजार केल्विनच्या आसपासचे पिवळसर दिवे लावले आणि ते पाण्याच्या थेट वर न लावता बाजूला घेतले तर हा त्रास बराच कमी होतो. शेजारच्या घरांच्या खिडक्यांत उजेड जाणार नाही, याचीही काळजी त्याच वेळी घेता येते.

पाणी आणि वीज यांच्यातले अंतर

उजेडासाठी वीज लागते आणि ओल्या शरीराला वीज सर्वांत लवकर मारते. ओल्या त्वचेचा विरोध कमी होतो. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला सौम्य झटका बसला तरी स्नायू आखडतात, आणि जो झटका कोरड्या जमिनीवर सहन झाला असता तो पाण्यात बुडवतो. म्हणून प्रकाशाचे नियम विजेच्या नियमांपासून वेगळे करता येत नाहीत.

आंतरराष्ट्रीय विद्युत तांत्रिक आयोगाच्या ६०३६४ या मालिकेतला ७०२ क्रमांकाचा भाग जलतरण तलावांसाठीच आहे. त्याने तलावाभोवतीची जागा तीन पट्ट्यांत विभागली आहे. तलावाच्या आतला भाग हा शून्य पट्टा. काठापासून दोन मीटरपर्यंत आणि अडीच मीटर उंचीपर्यंत पहिला पट्टा. त्यापुढचा दीड मीटर हा दुसरा पट्टा. शून्य पट्ट्यात, म्हणजे पाण्याखाली, १२ व्होल्टपर्यंतचाच प्रत्यावर्ती पुरवठा चालतो आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर या पट्ट्यांच्या बाहेर ठेवावा लागतो. २३० व्होल्टची तार पाण्याजवळ नेण्याचे धाडस कुणीही करू नये. पाण्याखालच्या दिव्याला आयपीएक्स८ दर्जा हवा. उघड्यावरच्या काठावर, जेथे पाइपने पाणी मारून धुतात, तेथे पाण्याचा फवारा सहन करणारा आयपीएक्स५ दर्जा हवा.

आपल्या वायरमन बांधवांना मी कळकळीने सांगतो. खांब, फ्यूज बोर्ड, सॉकेट आणि स्विच शक्य तितके काठापासून साडेतीन मीटरच्या बाहेर ठेवा. प्रत्येक दिव्याच्या मंडलावर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा आणि दर महिन्याला त्याचे चाचणीचे बटण दाबून पाहा. शिडी, कठडे, खांब, काठाच्या काँक्रीटमधल्या सळया हे सगळे धातू तांब्याच्या पट्टीने एकमेकांना जोडा आणि अर्थिंगला जोडा, म्हणजे हात एका धातूवर आणि पाय दुसऱ्यावर असताना त्यांच्यात विजेचा फरक राहणार नाही. समारंभासाठी काठावरून सजावटीच्या लाइटच्या माळा सोडू नका. लग्नाच्या हंगामात तलावाभोवती अशा माळा लागतात आणि त्यांच्या जोडांना नुसती चिकटपट्टी असते. हे थांबले पाहिजे.

वीज गेली तर

विदर्भाने भारनियमनाची वर्षे पाहिली आहेत. आज स्थिती सुधारली असली तरी वादळी पावसात वीज जातेच. तलावात पन्नास मुले आहेत आणि एकदम अंधार झाला, तर काय होईल याचा विचार करा. उजेडाला सरावलेल्या डोळ्याला अंधारात नीट दिसू लागायला वीस ते तीस मिनिटे लागतात. बुडायला एक मिनिटही पुरते.

राष्ट्रीय इमारत संहितेच्या अग्निसुरक्षेच्या भागात सुटकेच्या मार्गावर आणीबाणीच्या वेळी जमिनीलगत किमान १० लक्स आणि ती व्यवस्था दीड तास टिकावी, अशी अपेक्षा आहे. अमेरिकी तलाव संहिता आणीबाणीसाठी सुमारे साडेपाच लक्स मागते. आपण आपल्या राष्ट्रीय संहितेचाच आकडा धरावा. जनित्र सुरू व्हायला वेळ लागतो, म्हणून बॅटरीवरचे, आपोआप लागणारे दिवे हवेत. त्या उजेडात पोहणे चालू ठेवायचे नाही. तो उजेड मुलांना बाहेर काढण्यासाठी आणि त्यांची मोजणी करण्यासाठी आहे. वीज गेली की शिट्टी, शिट्टी झाली की सगळे काठावर, आणि मग मोजणी. शाळेत जसा आगीचा सराव करून घेतात तसा हा सरावही महिन्यातून एकदा झाला पाहिजे.

नियम आहेत, पण विखुरलेले

आपल्याकडे नियम नाहीत, असे नाही. राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० मध्ये आली. १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तिच्या आठव्या भागात प्रकाश आणि वायुवीजन आहे, विद्युत व्यवस्था आहे. अंतर्गत प्रकाशासाठी आयएस ३६४६ आहे, वायरिंगसाठी २०१९ चे सुधारित आयएस ७३२ आहे, तलावाच्या पाण्याच्या गुणवत्तेसाठी आयएस ३३२८ आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक नियम २०२३ मध्ये नव्याने आले. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. वाशिमसारख्या नगरपरिषदांची बांधकामेही तिच्या कक्षेत येतात आणि ती इमारतीतील सेवांसाठी राष्ट्रीय संहितेकडे बोट दाखवते.

राष्ट्रीय संहिता आपोआप कायदा होत नाही. स्थानिक नियमांनी तिला स्वीकारले तेव्हाच ती बंधनकारक ठरते, आणि स्वीकारल्यावरही कुणीतरी ती उघडून वाचावी लागते. तलावाच्या काठावरचा उजेड या एका गोष्टीसाठी आज अभियंत्याला पाच दस्तऐवज शोधावे लागतात. वास्तुविशारद तो विद्युत ठेकेदारावर सोडतो, ठेकेदार दिव्याच्या दुकानदारावर, आणि दुकानदार जो माल शिल्लक असेल तो देतो. तलावाची लांबी, रुंदी, खोली, गाळणी, क्लोरीन यांची निविदेत नोंद होते. प्रकाशाच्या रकान्यात ‘आवश्यकतेनुसार फ्लडलाइट’ इतकेच लिहिले जाते. गरज किती, हे कुणी लिहीत नाही, आणि जे लिहिले नाही ते मोजताही येत नाही.

वाशिम जिल्ह्याने काय करावे

वाशिम, कारंजा, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर आणि मानोरा या सहाही तालुक्यांना उद्देशून माझी मागणी आहे. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. नगरपरिषदा, नगरपंचायती, जिल्हा परिषद आणि क्रीडा विभाग यांनी आपल्या निविदांमध्ये आणि परवान्यांच्या अटींमध्ये एक पान जोडले तरी पुरे.

त्या पानावर पुढील गोष्टी असाव्यात. अंधारात वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक किंवा व्यावसायिक तलावाच्या काठावर आणि पाण्यावर किमान १०० लक्स, छताखाली पाण्यावर किमान ३०० लक्स. रात्री सर्वांत खोल तळाची जाळी जीवरक्षकाच्या खुर्चीवरून दिसली पाहिजे. पाण्याखाली १२ व्होल्टहून जास्त प्रत्यावर्ती पुरवठा नको, आणि सर्व मंडलांवर ३० मिलिअँपिअरचे संरक्षण हवे. वीज गेल्यावर आपोआप लागणारा १० लक्सचा, दीड तास टिकणारा उजेड हवा. आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची अट: भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी आणि पुढे दर वर्षी उन्हाळी हंगामापूर्वी ही मोजणी सूर्यास्तानंतर, लक्स मीटरने, संबंधित अभियंत्याच्या समक्ष व्हावी आणि तिचा तक्ता तलावाच्या दारावर लावावा. ज्या तलावाला हे जमत नसेल त्याने सूर्यास्तापूर्वी दार बंद करावे. दिवसा पोहणे हा कमीपणा नाही. पद्मतीर्थावर पोहायला शिकलेल्या पिढ्यांना दिवसाचा उजेडच पुरला.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून विदर्भात शरीरशिक्षणाची परंपरा उभी केली. त्या मंडळाच्या आणि इतर महाविद्यालयांच्या शारीरिक शिक्षण विद्यार्थ्यांना, तसेच आपल्या तंत्रनिकेतनांतल्या विद्युत शाखेच्या मुलांना या कामात घेता येईल. एका गटाने काठ मोजावा, दुसऱ्याने जीवरक्षकांचा सराव घ्यावा. एका हंगामात जिल्ह्यातले सगळे तलाव तपासून होतील.

सभागृहात बसलेल्या आईवडिलांना मी एक सांगतो. मुलाला रात्रीच्या तुकडीत घालण्याआधी स्वतः संध्याकाळी त्या तलावावर जा. काठावर उभे राहा. सर्वांत खोल जागेचा तळ दिसतो का पाहा. खोलीचा आकडा वाचता येतो का पाहा. जीवरक्षक खुर्चीवर आहे का आणि समोरच्या दिव्याने त्याचे डोळे दिपत नाहीत ना, ते पाहा. वीज गेली तर काय करता, हे व्यवस्थापकाला विचारा. या चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली नाहीत तर मुलाला घेऊन परत या आणि तेथे येणाऱ्या इतर पालकांनाही सांगा.

लोकप्रतिनिधींना आणि अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, पुढच्या उन्हाळी हंगामापूर्वी हे एक पान मंजूर करा. त्याला लागणारा खर्च किरकोळ आहे, मोजण्याचे यंत्र काही हजार रुपयांत मिळते, आणि काम एका संध्याकाळचे आहे. जिल्ह्यातल्या कोणत्याही तलावावर, कोणत्याही मुलाचा जीव केवळ कुणाला ते दिसले नाही म्हणून जाता कामा नये. तेवढी व्यवस्था आपल्या हातात आहे, आणि ती आपण केलीच पाहिजे.